विस्थापनाचा हक्काधारित अभ्यास साताऱ्यात कसा करावा?

आपण कराडला राहून समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहात. परदेशी विद्यापीठे स्थलांतर आणि विस्थापन यांवर जे ‘हक्काधारित’ काम करतात ते नेमके काय असते, आणि येथे बसून आपल्या प्रबंधात तसे काही करता येईल का, असा आपला प्रश्न आहे. करता येईल, आणि माझ्या मते त्यासाठी सातारा-सांगलीइतका योग्य प्रदेश शोधूनही सापडणार नाही.

ऑक्सफर्ड विद्यापीठात बार्बरा हॅरेल-बाँड यांनी 1982 साली निर्वासितांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले. छावणीतील माणसाकडे केवळ मदतीचा लाभार्थी म्हणून पाहू नये, त्याच्या हक्कांची पायमल्ली कोण करते हे विचारावे, आणि ती मदत संस्थेकडूनच होत असेल तर तेही लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. निर्वासितांना कायदेशीर साहाय्य मिळवून देण्यासाठीही त्या आयुष्यभर झटल्या. पुढे 1998 मध्ये संयुक्त राष्ट्रांची देशांतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि सबळ सार्वजनिक हिताशिवाय मोठ्या विकास प्रकल्पांसाठी लोकांना उठवणे हेही त्यांत मनमानी विस्थापन ठरवले गेले. आपल्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सरदार सरोवराच्या महाराष्ट्रातील विस्थापितांच्या पुनर्वसनावर देखरेखीचे काम केले. ते अवश्य अभ्यासावे.

साध्या सर्वेक्षणात कुटुंबाचे उत्पन्न किती घटले, घर कच्चे की पक्के, एवढे नोंदवून आपण थांबतो. हक्काधारित अभ्यासात त्यापुढे जाऊन हा हक्क कोणत्या कायद्याने मिळाला, तो देण्याचे बंधन कोणत्या कार्यालयावर आहे आणि प्रकरण कोणत्या टेबलावर अडले, हे दाखवावे लागते. त्यामुळे मुलाखतीइतकेच कागदालाही महत्त्व येते.

कोयना धरणाचेच घ्या. शिवसागर जलाशयासाठी गावे उठली तेव्हा 1894 चा भूसंपादन कायदा लागू होता आणि त्यात पैशांत मोबदला होता, पुनर्वसनाचा हक्क नव्हता. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा 1976 चा, म्हणजे धरणात पाणी अडल्यानंतर एका तपाहून अधिक काळाने आलेला. पुढे 1986 आणि 1999 चे कायदे आले, आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे करणारा केंद्राचा कायदा तर 2013 चा. माणसे मात्र तोवर रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत पांगली होती. जी गावे जलाशयाच्या वर डोंगरात सरकून राहिली, त्यांतील काहींच्या भोवती 1985 मध्ये अभयारण्य आले आणि 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. एकाच घराण्यावर दोन वेळा उठण्याची पाळी कशी येते, हे अभ्यासायला दूर जावे लागत नाही.

अशा गावात गेल्यावर संकलन रजिस्टर पाहायला मागा. बुडीत क्षेत्रातील खातेदार, त्याची गेलेली जमीन, मिळालेला मोबदला आणि वाटप झालेली पर्यायी जमीन यांची नोंद तेथे असते. सामाईक खाते एका थोरल्या भावाच्या नावावर लागलेले असते, धाकट्यांची कुटुंबे स्वतंत्र धरलेली नसतात, विधवा वहिनीचे नाव कुठेच नसते. आणि पुढची पिढी संकलन दुरुस्तीसाठी अर्ज करत राहते. नव्या गावठाणात पाणी, रस्ता, शाळा, स्मशानभूमी या नागरी सुविधा कागदावर पूर्ण असतात. आपण प्रत्यक्ष चालत जाऊन त्या तपासा. मोबदल्याच्या 65 टक्के रक्कम भरून घेऊन लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या भागात, जमीन देण्याची तरतूद कोणाला लागू झाली आणि कोणाला नाही, हा एकच मुद्दा नीट मांडला तरी प्रबंध उभा राहील. श्रमिक मुक्ती दलाने डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली या जिल्ह्यात याच मागण्यांवर वर्षानुवर्षे लढा दिला आहे. आंदोलनांतील निवेदने हाही आपल्यासाठी दस्तऐवजच आहे.

विस्थापनाऐवजी स्थलांतर घ्यायचे असेल तर गळीत हंगामात वाळवा किंवा कडेगाव तालुक्यात उसाच्या फडाशेजारच्या कोपींपाशी, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांपाशी, जा. बीडहून आलेले जोडपे मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्याकडून, घेतलेल्या उचलीने (आगाऊ रकमेने) बांधलेले असते, आणि मालक कोण या प्रश्नावर मुकादम, वाहतूक ठेकेदार आणि कारखाना एकमेकांकडे बोट दाखवतात. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी केलेल्या 1979 च्या कायद्यात राज्यातल्या राज्यात फिरणारे हे मजूर बसतच नव्हते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. मुलांच्या बाबतीत मात्र 2009 चा शिक्षणहक्क कायदा स्पष्ट आहे: शाळा बदलण्याचा हक्क आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. त्या मुलाचे नाव गावच्या हजेरीपटावर आणि मूल येथे बैलांना वाढे घालत असेल, तर बंधन कोणत्या शाळेवर, हे लिहून काढणे म्हणजेच हक्काधारित काम.

एक कळकळीची विनंती आहे. आपल्या अभ्यासाने जमीन मिळेल असे कोणालाही सांगू नका, कारण ही माणसे अनेकदा फसली आहेत. संमती घ्या, नावे बदला, आणि प्रबंध विद्यापीठात जमा होण्यापूर्वी त्याचा मराठी सारांश ग्रामसभेत वाचून दाखवून चुका तेथेच दुरुस्त करून घ्या. जी कागदपत्रे कार्यालय दाखवणार नाही, त्यांसाठी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज आजच करा. उत्तराची कायदेशीर मुदत 30 दिवसांची आहे, पण अपिलाची वेळ आली तर अख्खे सत्र निघून जाते.