महास्फोट: फटाक्यासारखा की बोंडासारखा?

चोपड्याच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: ‘द बिग बँग थिअरी’ ही विनोदी मालिका पाहून नववीतली मुलं म्हणतात, बँग म्हणजे धडाम, मग तो महास्फोट ऐकला कोणी? तसा स्फोट झालाच नव्हता असंही वाचनात आलं. मग ‘महास्फोट’ हा शब्द चुकीचा म्हणायचा का?

ताई, मुलांची शंका रास्त आहे, पण तिचा धनी ‘बँग’ आहे. हा आवाजावरून आलेला शब्द, आपल्या धाडकन-फाटकनच्या पंगतीतला. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी २८ मार्च १९४९ रोजी बीबीसी रेडिओवर बोलताना ‘बिग बँग’ असा तो वापरला. गंमत अशी की त्यांना विश्वाच्या आरंभाचा हा सिद्धांत मान्यच नव्हता. त्यांनी खिल्ली उडवली असं सांगतात. ते स्वतः म्हणत, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहावं एवढाच हेतू होता. काही का असेना, गावात टोपणनाव चिकटतं तसं ते चिकटलं. १९९३ साली एका अमेरिकी खगोल मासिकाने नव्या नावासाठी स्पर्धा घेतली, तेरा हजारांवर नावं आली, आणि परीक्षकांना एकही पटलं नाही! (हॉईल यांचे विद्यार्थी आणि आपले जयंत नारळीकर हेही शेवटपर्यंत या सिद्धांताचे टीकाकार राहिले.)

आता ‘स्फोट’. मूळ धातू स्फुट्, म्हणजे फुटणं, आणि उमलणंही. त्यात आवाजाची अट नाही. आपल्याकडे कोंब फुटतो, पालवी फुटते, पान्हा फुटतो, तांबडं फुटतं. मुक्याला वाचा फुटते. गौप्यस्फोट होतो तेव्हा तरी कुठे धूर निघतो? भर्तृहरीच्या व्याकरणात तर शब्दातून अर्थ प्रकट होतो, त्या तत्त्वालाच स्फोट म्हटलं आहे. बॉम्बस्फोटाच्या बातम्यांनी आपले कान एकाच अर्थाला सरावले, एवढंच.

खानदेशात तर दाखला शेतातच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला अहिराणी बोलणारा माणूस ‘कापूस फुटना’ म्हणतो, म्हणजे फुटला. बोंड वाळतं, पाकळ्या उकलतात, आत दाटीवाटीने बसलेला कापूस फुलून येतो. बांधावर उभ्या माणसाला काही ऐकू येत नाही. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय तप्त आणि दाट अवस्थेतलं विश्व पसरू लागलं, त्याला फटाक्यापेक्षा हे चित्र जवळचं. फटाक्याचे तुकडे एका जागेवरून आधीच असलेल्या मोकळ्या जागेत उडतात. इथे जागाच ताणली जाते, आणि मधोमध असं काही नसतं. अर्थात बोंडाभोवती शेत असतं, विश्वाभोवती तसं काही धरायची गरज नाही. तेवढं मुलांना सांगा, नाहीतर पुढचा प्रश्न ‘बांधावर कोण होतं?’ असा येईल. आणि ‘ब्रह्मांड’मधलं अंड दाखवून आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं म्हणायचा मोह होतो, तो आवरावा.

‘महाविस्फोट’ हिंदीतून येतो. मराठीला ‘वि’ची गरज नाही.

मालिकेच्या नावाचं भाषांतर मात्र करू नये. इंग्रजीत बँगला एक चावट अर्थ आहे, तो महास्फोटात उतरत नाही. तिचं शीर्षकगीतही मजेदार आहे: सुरुवातीला प्रसरण सुरू झालं असं नीट सांगतं आणि शेवटी बँग म्हणून मोकळं होतं.

राहिलं ‘ऐकला कोणी’. पेन्झियास आणि विल्सन या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनात एक खरखर येत होती. कबुतरांची घाण असेल म्हणून त्यांनी ती साफही केली, तरी जाईना. ती त्या आरंभीच्या उष्णतेची उरलेली ऊब निघाली, आता उणे २७० अंशांपर्यंत निवलेली. १९६५ साली हे जाहीर झालं, १९७८ला नोबेल मिळालं. गच्चीवर अँटेना फिरवताना खालून ‘मुंग्या आल्या, मुंग्या!’ अशी हाक यायची ना? त्या मुंग्यांतला थोडा अंश याच उबेचा. शाळेच्या अडगळीत जुना खोकेवजा टीव्ही असेल, तर रिकाम्या चॅनलवर लावून मुलांना एकदा दाखवा.