सख्खे आई-वडील ‘जवळचे नातेवाईक’ नव्हते

तुम्ही एकुलते एक, आई-वडील सत्तरीच्या पुढे, हातात परदेशातली नोकरी. आणि विचारताय की पुन्हा कोरोनासारखं काही आलं तर त्यांचं काय. ‘विमानात बसलं की एका दिवसात पोचतो’ असं बाहेर राहणारे सगळेच म्हणायचे, मीही म्हणायचो. मार्च २०२० नंतर ते म्हणण्यात काही अर्थ उरला नाही.

सीमा बंद झाल्यावर कुणाला आत घ्यायचं हे सरकार ठरवतं, आणि सरकारी कागदावर कुटुंब म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायको नि लहान मुलं. ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० ला दारं लावली. तिथल्या नागरिकांच्या आई-वडिलांची गणना ‘जवळच्या नातेवाइकांत’ झाली थेट १ नोव्हेंबर २०२१ पासून. अमेरिकेच्या प्रवेशबंदीत आई-वडिलांना सूट होती, पण तिथलं मूल अविवाहित आणि २१ वर्षांच्या आतलं असेल तरच. तुमच्या-माझ्यासारख्यांना तिचा उपयोग शून्य. उलट कॅनडाने जून २०२० मध्येच नागरिक आणि कायम रहिवासी यांच्या आई-वडिलांना वाट मोकळी केली. देश निवडायची संधी असेल तर पगाराच्या आकड्याशेजारी हेही मांडून बघा.

त्यांना इकडे आणता येत नाही, तर आपण जावं? जाण्यापेक्षा परतण्याची भीती मोठी होती. मार्च २०२० मध्ये अमेरिकी वकिलातींनी नेहमीची व्हिसाची कामं थांबवली. परतण्यासाठी पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागणार असलेले लोक वडील अत्यवस्थ असतानाही जागचे हलले नाहीत, कारण तिकडे अडकलं तर नोकरी आणि घर दोन्ही जाणार. ऑस्ट्रेलियात तर नागरिकांनाही देशाबाहेर पडायला परवानगी काढावी लागे. आणि पोचलं तरी कितीतरी देशांत आधी १४ दिवस विलगीकरण, मग भेट. १४ दिवसांत काय काय होऊन जातं!

माझे वडील दाखल झाले तेव्हा नातेवाइकांना वॉर्डात प्रवेश नव्हता. रात्री एक नर्स व्हिडिओ कॉल लावून द्यायची. पीपीई किटमधून तिचं बोलणं नीट कळत नसे, फोन हलला की पडद्यावर अर्धं छत. मास्कमुळे वडिलांना बोलता येईना. भुवया उचलल्या की ‘हो’, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. मात्र खरी अडचण निघाली पैशांची. अनामत रक्कम भरायची होती, खातं वडिलांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आणि मोबाइल त्यांच्याबरोबर आत. शेवटी मावसभावाने स्वतःच्या खिशातून भरले, संमतीपत्रावर सहीही त्यानेच केली. (आईची वेगळीच तऱ्हा: खोकला आला की फोन म्यूट करायची.)

म्हणून निघण्याआधी खात्यावर आईचं नाव लावून घ्या, तिच्या मोबाइलवर ओटीपी येईल असं करा. जवळ राहणारा एक माणूस नक्की ठरवा, त्याच्याशी स्पष्ट बोला, त्याला आई-वडिलांचं कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) मिळवून द्या. विम्याची कागदपत्रं, औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर त्याच्याकडेही असू दे. ‘वेळ आली की बघू’ म्हणून भागत नाही. टाळेबंदीत नोटरीचं ऑफिससुद्धा बंद असतं. आणि त्या माणसाशी एरवीही संबंध ठेवा, नुसतं संकटात फोन करणं बरं दिसत नाही.

जाऊ नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः परतलेलो नाही. पण जबाबदारी वाटून घ्यायला भावंड नसताना, देशाबाहेर पडलात की परतताना नव्याने शिक्का घ्यावा लागेल असा व्हिसा मिळत असेल, तर मी दोनदा विचार करेन. तुमचा कुठला आहे, आणि कायम वास्तव्याला साधारण किती वर्षं लागतात, तेवढं कळवा, म्हणजे नेमकं सांगता येईल.