आले किती, घेतलं किती

मागच्या अंकात दारात माणसं मोजणाऱ्या सेन्सरबद्दल चारच ओळी टाकल्या होत्या, त्यावर वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत इतके प्रश्न आले की यावेळी बाकीचं सगळं बाजूला ठेवून अख्खं सदर त्यावरच करतेय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून नुसतं गाव देतेय.

प्रश्न (मालवण): ताई, माझां काजू, कोकम नि खाज्याचां दुकान आसा. झील (मुलगा) म्हणता दारात सेन्सर लावया. सीझनला दुकानात पाय ठेवायला जागा नसते पण रात्री गल्ला मोजला की गर्दीच्या मानाने कायच नाय. कुठला सेन्सर घेऊ? की हे नुसतं फॅड आहे?

उत्तर: फॅड नाही, झिलाला ओरडू नका. पण सेन्सर दारातून गेलेली माणसं मोजतो, गिऱ्हाईकं मोजत नाही, हे आधी डोक्यात पक्कं ठेवा. टुरिस्टची बस थांबली, चाळीस जण उतरून आत आले, त्यातले निम्मे नुसते पंख्याखाली उभे राहायला, दोघांनी बाथरूम कुठाय विचारलं आणि तिघांनी काजू घेतले. सेन्सर सांगणार चाळीस. त्यात पाच जणांच्या कुटुंबाचं बिल एकच, म्हणजे पाच आले नि एकाने घेतलं असं दिसणार. त्यामुळे "शंभरातले पंचवीसच घेतात" हा आकडा बघून रडायचं नाही आणि दुसऱ्याच्या दुकानाशी तर अजिबात तुलना करायची नाही. तुमच्याच दुकानाचा मंगळवार तुमच्याच मंगळवाराशी लावून बघा, खाज्याचं टेबल दारातून आत सरकवल्यावर बिलं वाढली का ते बघा, संध्याकाळी 5 ते 7 लोक येतात पण बिलं होत नाहीत म्हणजे काउंटरला माणूस कमी पडतोय का ते बघा. त्याचा उपयोग याच्यासाठीच.

आता कुठला घ्यायचा. सगळ्यात स्वस्त म्हणजे किरणवाला, दाराच्या एका बाजूला इन्फ्रारेड सोडणारा डबा नि समोर पकडणारा, साधारण कमरेच्या उंचीला. मधून माणूस गेला की किरण तुटतो, एक मोजला. एकच किरण असेल तर आत गेला की बाहेर ते कळत नाही, शेजारी शेजारी दोन किरण असले की आधी कुठला तुटला त्यावरून दिशा कळते, म्हणून घ्यायचा तर दोनवाला. याचं दुखणं असं की दोन माणसं खांद्याला खांदा लावून आत आली की एकच मोजली जाते, आणि सीझनला लोक तसेच येतात. तुमचं दार साडेतीन फुटाच्या आत असेल तर चालून जाईल, पूर्ण शटर उघडं टाकून बसत असाल तर याच्या नादी लागू नका.

आणि दार पश्चिमेकडे आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर संध्याकाळचं तिरकं ऊन पकडणाऱ्या डब्याच्या डोळ्यात जाऊ शकतं, उन्हातही इन्फ्रारेड असतंच, मग नेमका गर्दीच्या वेळीच तो आंधळा. डबे अदलाबदल करा म्हणजे पकडणाऱ्याची पाठ उन्हाकडे होईल, किंवा दारापासून दीड-दोन हात आत घ्या. आत घेतल्याचा अजून एक फायदा, उंबऱ्यावर उभं राहून भाव विचारून परत जाणारे त्यात येत नाहीत.

छताला लावायचा थर्मल सेन्सर अंगाची उष्णता बघतो, चेहरा वगैरे काही दिसत नाही, चांगली वस्तू. पण आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली हवा, जमीन नि माणसाचे कपडे जवळजवळ एकाच तापमानाला येतात, मग त्याने वेगळं काय ओळखायचं? एसी दुकानात ठीक. मोठ्या दारासाठी दोन डोळ्यांचा स्टिरिओ कॅमेरा सगळ्यात भरवशाचा, वरून खाली बघतो, दोन लेन्समुळे उंची कळते, मग चिल्लीपिल्ली वगळता येतात आणि ट्रॉली बॅगेला माणूस समजत नाही. महाग असतो. एका काजूच्या दुकानाला मी तरी सांगणार नाही.

कामाचा पोरगा दिवसातून दहा वेळा चहा आणायला बाहेर जातो ना, तेही मोजलं जातं, म्हणून एक दिवस नुसतं स्टाफचं येणं-जाणं कागदावर लिहा आणि ते वजा करत जा. आणि काहीही बसवलंत तरी पहिल्या आठवड्यात गर्दीचा एक तास नि शांत एक तास झिलाला स्टूल देऊन हाताने मोजायला बसवा. सेन्सरचा आकडा नि त्याचा आकडा शेजारी लिहा. विकणारा "98 टक्के अचूक" म्हणतो ते त्याच्या शोरूमच्या दारातलं असतं, तुमच्या दारातलं तुम्हालाच काढायला लागेल. अजून एक, गणपतीची तुलना तारखेने करू नका. चतुर्थी 2024 ला 7 सप्टेंबरला होती, 2025 ला 27 ऑगस्टला, 2026 ला 14 सप्टेंबरला. कम्प्युटर बिचारा "ऑगस्ट घसरला" म्हणून लाल बाण दाखवेल, चाकरमानी मात्र आपल्या तिथीला बरोबर येतोच.

प्रश्न (गुहागर): आमच्या रिसॉर्टला एक जण भेटून गेला, म्हणाला सेन्सरबिन्सर काही नको, वायफायवरून लोकांचे मोबाईल मोजतो, किती आले, किती वेळ थांबले, परत कितीदा आले सगळं कळेल. घ्यावं का?

उत्तर: नको. दहा-बारा वर्षांपूर्वी हे चालायचं. फोन आजूबाजूला वायफाय शोधत असतो तेव्हा स्वतःचा एक नंबर ओरडत असतो, त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात, तो ऐकून मोजणी व्हायची. मग अ‍ॅपलने 2014 मध्ये आयओएस 8 पासून शोधताना खोटा, बदलता नंबर द्यायला सुरुवात केली, अँड्रॉइडमध्येही 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून ते आपोआप चालू असतं. म्हणजे एकच माणूस तासाभरात चार माणसं म्हणून दिसू शकतो, "परत कितीदा आले" तर विसराच. शिवाय दोन फोनवाला दोनदा, आणि साधा फोन घेऊन आलेली आजी शून्य. रस्त्यावरून गाडी गेली तर तिच्यातले फोनही तुमचेच पाहुणे! तुमच्या रजिस्टरमध्ये यापेक्षा खरी माहिती आहे.

प्रश्न (मालवण तालुका, एक देवस्थान): आमच्या जत्रेला दरवर्षी माणूस वाढतोय. पोलिसांनी विचारलं किती लोक येतात तर आम्ही अंदाजे आकडा सांगतो, तो दरवर्षी वेगळा माणूस वेगळा सांगतो. सेन्सरने नक्की आकडा मिळेल का? आणि मंडपात जास्त लोक झाले तर अलार्म वाजेल असं काही करता येईल का?

उत्तर: यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

दिवसभरात किती आले हे तुलनेने सोपं. दर्शनाची रांग तुम्ही बांबू बांधून करताच, त्या रांगेत माणूस एकामागे एकच चालतो, म्हणजे जो साधा दोन किरणांचा सेन्सर बाजारातल्या दुकानात गोंधळ घालतो तो इथे चोख चालतो. रांग जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे लावा, वळणावर नको, वळणावर लोक रेंगाळतात नि मागेपुढे होतात. कडेवरची नि खांद्यावरची पोरं सुटणार, ती सुटू देत. पण हा आकडा रांगेतल्यांचा झाला, नुसते दुकानं फिरून, भजी खाऊन जाणारे वेगळे, म्हणून पोलिसांना सांगताना "रांगेतून इतके गेले" असंच सांगा.

"आत्ता आत किती आहेत" हे मात्र नुसतं आत गेलेले वजा बाहेर आलेले करून काढू नका. का ते सांगते. समजा आत जाणाऱ्यांचा सेन्सर शंभरात दोन माणसं चुकवतो, बाहेर येणाऱ्यांचा एकही चुकवत नाही. दहा हजार माणसं येऊन गेली की हिशेबात दोनशेची तूट पडलेली असते, स्क्रीनवर 100 दिसतात तेव्हा मंडपात तीनशे माणसं उभी असतात. दुकानात 2 टक्के म्हणजे काहीच नाही, तिथे रात्री सगळं शून्य करता येतं, जत्रेत ती चूक साठत जाते आणि नेमकी नको त्या बाजूला. म्हणून मंडपासाठी दारातला आकडा धरायचाच नाही, जागा बघायची. मंडप 10 मीटर बाय 15 मीटर म्हणजे 150 चौरस मीटर. मीटरला दोन माणसं म्हणजे तीनशे, आरामात. मीटरला चार म्हणजे सहाशे, लोक सरकतात पण अंग घासतं. पाचच्या वर गेलं की माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही, गर्दी त्याला हलवते, तिथून पुढे एक जण पडला की मागचे थांबूच शकत नाहीत. हे बघायला उंचावरून खाली बघणारा कॅमेरा नि त्याच्यासमोर एक जागता माणूस, सॉफ्टवेअर असलं तर उत्तम, नसलं तरी चालेल. जमिनीवर चुन्याने मीटरभराचे चार-पाच चौकोन आखून ठेवा, वरच्या माणसाला चौकोनात किती डोकी आहेत ते एका नजरेत कळतं.

अलार्मचं म्हणाल तर अलार्म वाजल्यावर कोण काय करणार ते आधी लिहून काढा. मंडपात भोंगा वाजला तर लोक घाबरून पळतील, त्यापेक्षा मेसेज फक्त रांग थांबवणाऱ्या स्वयंसेवकाच्या वॉकीटॉकीवर गेला पाहिजे आणि रांग थांबायची ती मंडपाच्या तोंडाशी नाही, बऱ्याच आधी. 2005 मध्ये मांढरदेवीला आणि 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टनच्या पुलावर (तिथे 23 माणसं गेली, आपल्याकडचे बरेच चाकरमानी रोज त्याच लाइनने ये-जा करतात) दोन्हीकडे माणसं चेंगरली ती अरुंद वाटेत, मोकळ्या मैदानात नाही. त्यामुळे कॅमेरा एकच असेल तर देवासमोर नको, पायऱ्यांवर नि बाहेर जायच्या वाटेवर लावा. देवासमोरचा फोटो छान येतो म्हणून सगळे तिथे लावतात.

प्रश्न (मालवण): जेटीवर किल्ल्याला जाणाऱ्या होडीत किती माणसं चढली ते सेन्सरने मोजता येईल का?

उत्तर: येईल, पण कशाला? प्रत्येक माणूस तिकिटावर आधीच मोजलाय. होडी लाटेवर हलते, फळीवर माणसं थबकतात, एक पाय टाकून मागे घेतात, सेन्सर वेडा होईल. चढताना डोकी मोजायची, लाइफ जॅकेटं मोजायची, दोन्ही आकडे सारखे आले की होडी सोडायची.

प्रश्न (देवरुख, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी): मॅम, मी प्रोजेक्टसाठी ईएसपी32 (छोटा कम्प्युटर बोर्ड) आणि व्हीएल53एल1एक्स (अंतर मोजणारा सेन्सर) वापरून पीपल काउंटर बनवतोय. घरी टेबलावर मस्त चालतं, कॉलेजच्या लायब्ररीच्या दारावर लावलं की निम्मी माणसं सुटतात. काय चुकतंय?

उत्तर: बहुतेक कोड बरोबर आहे, भूमिती चुकतेय. हा सेन्सर डोळ्याला न दिसणारा लेसर सोडतो नि परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, त्याची नजर कोनात फक्त 27 अंश. चौकट अडीच मीटरवर धर, माणसाचं डोकं 1.65 वर, म्हणजे सेन्सरपासून 85 सेंटीमीटर. एवढ्या अंतरावर 27 अंशात जेमतेम 40 सेंटीमीटर रुंदी दिसते. लायब्ररीचं दार दोन झडपांचं असेल तर कडेने जाणारा प्रत्येक जण सुटणार. एक झडप बंद ठेव नाहीतर दोन सेन्सर लाव, पण दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नकोस, एकाचा उजेड दुसऱ्यात जातो, आळीपाळीने वाचन घे. दिशेसाठी सेन्सरची नजर पुढची अर्धी, मागची अर्धी अशी वाटून घेतली असशीलच, मग प्रत्येक अर्ध्याचं वाचन किती मिलिसेकंदाला येतंय ते बघ, पोरं तास चुकला म्हणून पळत येतात तेव्हा संथ वाचनात दोन्ही अर्धे एकदमच भरलेले दिसतात नि दिशा हरवते. 4 मीटरची रेंज अंधारातली असते, दारात ऊन येत असेल तर ती खूप घटते. आणि पावसाळ्यात छत्र्या! उघडी छत्री डोक्याच्या फूटभर वर असते, उंचीची मर्यादा लावली असशील तर तो माणूस तुझ्या कोडला माणूसच वाटत नाही.

प्रश्न (चिपळूण): आमच्या वाचनालयात रोज किती लोक येतात ते मोजायचंय, पण काही सभासद म्हणतात कॅमेरा लावला तर आम्ही येणार नाही. कायद्याने काय आहे?

उत्तर: मग कॅमेरा लावूच नका, तुम्हाला आकडाच हवाय ना. दारात किरणवाला बसवा, एकच किरण असेल आणि येण्या-जाण्याचं दारही एकच असेल तर आकड्याला दोनने भागा, झालं. 2023 चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा माणूस ओळखता येईल अशा माहितीबद्दल आहे, "आज 64 जण आले" यात कोणी ओळखू येत नाही. चेहरा दिसणारं रेकॉर्डिंग ठेवलंत की गोष्ट बदलते, मग कशासाठी ठेवताय, किती दिवस, कोण बघू शकतं याची उत्तरं तयार पाहिजेत. सभासदांना डबा उघडून दाखवा, आत कॅमेरा नाही म्हटल्यावर कुरकूर थांबेल. आणि डब्याच्या काचेवर खाडीच्या हवेने चिकट थर बसतो, कोळी तर हमखास जाळं करतो, मग रात्री बंद वाचनालयात दोनशे वाचक येऊन गेलेले दिसतात. झाडू मारणाऱ्या मावशींना दर शनिवारी त्यावरून कोरडं फडकं फिरवायला सांगा.