‘साठ्यातून कॅल्शियमचा प्रवेश’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: रोगप्रतिकारक पेशींवरच्या मजकुराचं मराठी करताना ‘स्टोअर-ऑपरेटेड कॅल्शियम एन्ट्री’ला ‘साठ्यातून कॅल्शियमचा प्रवेश’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘सिग्नलिंग’ म्हणजे संदेशवहन की संकेतन?

पहिलं चालणार नाही, अर्थच उलटा होतो. टी पेशीच्या (एक प्रकारची रोगप्रतिकारक पेशी) ग्राहीने प्रतिजन ओळखलं की आत आयपी३ हा छोटा संदेशक रेणू तयार होतो आणि आंतर्द्रव्यजालिकेतलं, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियम साठवणाऱ्या पटलजाळ्यातलं, कॅल्शियम पेशीद्रव्यात सुटतं. हा साठा तुटपुंजा. तो उतरल्याचं जालिकेच्या पटलातलं स्टिम१ हे प्रथिन ओळखतं, प्रद्रव्यपटलाशी (पेशीच्या बाहेरच्या आवरणाशी) जाऊन तिथल्या ओराय१ या वाहिनी-प्रथिनाची वाट उघडतं आणि मग कॅल्शियम येतं ते पेशीच्या बाहेरून. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट स्वतः पाणी देत नाही, पातळी उतरली की पाणी चालू करतो, तसंच हे.

प्रयोगशाळेत हे दोन टप्पे वेगळे दिसतात. फ्युरा-२ (कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग) भरलेल्या पेशी ३४० आणि ३८० नॅनोमीटरला आळीपाळीने उजळायच्या, ५१० जवळ प्रकाश मोजायचा. कॅल्शियमविरहित द्रावणात थॅप्सिगार्गिन (साठ्यात कॅल्शियम परत भरणारा पंप बंद करणारं रसायन) घातलं की साठा गळतो आणि आलेखावर छोटा उंचवटा येतो. तो ओसरल्यावर बाहेर २ मिलिमोलर कॅल्शियम घातलं की दुसरी, बरीच मोठी चढण दिसते. ‘एन्ट्री’ म्हणतात ती हीच. द्रावणात ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालायला विसरलात, तर पाण्यातल्या अंशमात्र कॅल्शियममुळे पहिल्या उंचवट्यात प्रवेशही मिसळतो.

ओराय१मधलं एकच अमिनो आम्ल बदललेल्या काही बालकांत साठा नेहमीसारखा रिता होतो, पण बाहेरचं कॅल्शियम आत येत नाही आणि प्रतिकारशक्ती जवळपास कोलमडते. हे २००६ साली दाखवलं गेलं. म्हणून पहिल्यांदा ‘साठा रिता झाल्यामुळे होणारा कॅल्शियम-प्रवेश’ असं पूर्ण लिहावं, पुढे ‘रिक्तसाठा-प्रवेश’. समास संकरित आहे म्हणून कोणी नाक मुरडेल, मुरडू द्या. ‘साठा-चालित’ चुकीचं नाही, पण साठा रिता होणं त्यात दिसत नाही.

‘सिग्नलिंग’ला संकेतन. ‘वहन’ म्हटलं की मजकूर इकडून तिकडे नेणं आलं. इथे पेशीद्रव्यातलं मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलरवरून कित्येक पट चढतं, आणि ते किती वेळ चढलेलं राहतं यावर अर्थ ठरतो. ते टिकलं तरच कॅल्सिन्युरिन हे विकर एनफॅट या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढत राहतं, एनफॅट केंद्रकात राहतं आणि इंटरल्युकिन-२चं (टी पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचं) जनुक चालू होतं. पातळी पडली की एनफॅट पुन्हा बाहेर. ‘सेकंड मेसेंजर’साठी ‘द्वितीय संदेशक’ मात्र रूढ आहे, तो बदलू नका.

नुसतं ‘कॅल्शियम वाढतं’ असंही लिहू नये, वाचकाला रक्ततपासणीतलं कॅल्शियम वाटतं. प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही औषधं ‘कॅल्शियमरोधक’ नव्हेत, ‘कॅल्सिन्युरिनरोधक’ आहेत. कॅल्शियमरोधक म्हणजे रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधं.