क्रिस्टी रॅम्पोन: ३११ सामने, ४ गोल आणि आमचे मोठे दीर

तुमचा प्रश्न असा आहे: “अमेरिकेची फुटबॉलपटू क्रिस्टी रॅम्पोन हिने ३११ आंतरराष्ट्रीय सामन्यांत फक्त ४ गोल केले, तरी तिला एवढं मोठं का मानतात? आणि मुलगी डिफेन्सला खेळत असेल तर तिला पुढे वाव असतो का?”

त्यातला तो “फक्त” वाचला आणि गॅस बंद करून लिहायला बसले.

गोल जमत नव्हते म्हणून ती मागे खेळली, असं डोक्यात असेल तर आधी ते काढा. लग्नाआधीची क्रिस्टी पिअर्स न्यू जर्सीच्या मॉनमथ विद्यापीठाकडून ८० सामन्यांत ७९ गोल करून बसली होती, वर ५४ असिस्ट, म्हणजे दुसरीच्या गोलसाठी दिलेले पास. शिवाय त्याच कॉलेजकडून बास्केटबॉलही खेळत होती. १९९७ मध्ये राष्ट्रीय संघात आली तेव्हा पुढच्या फळीत मिया हॅम, क्रिस्टीन लिली, टिफनी मिलब्रेट अशा दिग्गज. तिथे जागा कुठली मिळणार? टोनी डिचिको कोच होते. त्यांनी तिचा वेग बघितला आणि तिला मागे नेलं. मागे जाऊन बाई २०१५ पर्यंत टिकली. दोन वर्ल्डकप, १९९९ आणि २०१५. ऑलिंपिक सुवर्ण २००४, २००८, २०१२, आणि २००० चं रौप्य. २००८ पासून कर्णधार. ती थांबली तेव्हा तिच्याहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने जगात एकीच्याच नावावर होते, लिलीच्या, ३५४.

आता मला एवढं का झोंबलं ते सांगते.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगी बारा-तेरा वर्षांची असताना क्लबकडून स्ट्रायकर, म्हणजे पुढे गोल करायला खेळायची, बऱ्याच शनिवारी गोल करून यायची. एका सीझनला नवीन कोच आला आणि त्याने तिला राइट बॅकला, म्हणजे मागे उजवीकडे बचावाला टाकलं. तिला ते आवडलंच. सुतक पाळलं ते मोठ्यांनी. माझे मोठे दीर नाशिकहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचे आणि तब्येतपाण्याच्याही आधी विचारायचे, “काय, किती गोल मारलेस?” ती सांगायची, “मोठे काका, मी आता डिफेन्सला आहे.” “म्हणजे खाली ढकललं की काय तुला?” पुढच्या रविवारी परत तेच. असे काही रविवार गेल्यावर एकदा मी पोळ्या लाटताना ऐकते तर काय, ही बया फोनवर सांगतेय, “दोन मारले, काका!” मॅच ०-० सुटली होती. ही पूर्ण वेळ मैदानावर होती आणि समोरच्या टीमची सगळ्यांत पळणारी मुलगी तिच्याच बाजूला होती.

मी पिठाच्या हातानेच फोन घेतला. म्हटलं, भाऊजी, तिने आज एकही गोल केला नाही आणि एकही होऊ दिला नाही. त्यावर भाऊजी हसून म्हणाले, “अगं, न झालेले गोल कुठे लिहून ठेवतात का?” आमचे हे शेजारी बसून मोबाइल बघत होते. त्यांना काही ऐकूच आलं नाही म्हणे.

त्याच उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन पिस्कॅटवेच्या यर्कॅक फील्डवर गेले. स्काय ब्लू क्लब तेव्हा तिथे खेळायचा, रॅम्पोन त्यांच्याकडून. तिची चाळिशी जवळ आलेली, घरी दोन मुली. गर्दी इतकी बेताची की खेळाडूंची आरडाओरड ऐकू यायची. मी मुलीला सांगितलं, आज बॉलकडे बघायचं नाही, हिच्याकडे बघायचं. बॉल पार पलीकडे असला तरी ही दोन पावलं डावीकडे, चार मागे, हात करून कुणाला तरी आत बोलावतेय. अर्धा तास झाला तरी तिच्या बाजूला काही म्हणजे काही घडेना. तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, त्यांना इकडे पास द्यायला ती जागाच ठेवत नाहीये.” एवढं भाऊजींना कळायला हवं होतं.

याच स्काय ब्लूचा २००९ चा सीझन. एकाच हंगामात दोन कोच पायउतार झाले, मग रॅम्पोनच खेळाडू आणि कोच दोन्ही झाली. टीम चौथ्या नंबरवर कशीबशी प्लेऑफमध्ये शिरली, तिन्ही सामने परक्या मैदानांवर जिंकली आणि फायनलमध्ये ब्राझीलची स्टार मार्ता हिच्या लॉस एंजलिस सोल क्लबला १-० ने हरवलं. रॅम्पोनला तेव्हा तिसरा महिना होता आणि टीमला पत्ता नव्हता. पुढच्या मार्चमध्ये दुसरी मुलगी झाली. त्यानंतरही तिने २०११ च्या वर्ल्डकपला आणि २०१२ च्या ऑलिंपिकला कर्णधारपद केलं.

डिफेंडरचा हिशेब लोक कसा ठेवतात, तेही २०१२ मध्येच बघा. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ऑलिंपिक फायनल, समोर जपान, ८० हजारांवर प्रेक्षक, अमेरिका २-१ ने पुढे. ८३व्या मिनिटाच्या आसपास जपानच्या इवाबुचीने रॅम्पोनच्याच पायातून बॉल काढला आणि थेट गोलकडे सुटली. आमची गोलकीपर होप सोलोने झेप घेऊन अडवला म्हणून वाचलो. तो आत गेला असता तर आज तुम्ही “फक्त ४ गोल” नाही, “फायनल घालवणारी रॅम्पोन” असं विचारलं असतं. स्ट्रायकर पाच सोपे बॉल आभाळात मारतो, सहावा आत गेला की तो हिरो. हा सरळसरळ अन्याय आहे.

२०१५ ला वर्ल्डकप फायनलमध्ये अमेरिका ५-२ ने पुढे असताना ॲलेक्स मॉर्गनला बाहेर घेऊन हिला आत पाठवलं. वय ४०, वर्ल्डकपमध्ये खेळलेली तोवरची सगळ्यांत वयस्कर बाई. भाऊजींचा मेसेज: “शेवटची चार मिनिटंच ना?” मी उत्तर दिलं नाही.

राहिला वाव. माझ्या मुलीचं फुटबॉलमध्ये करिअर झालं नाही. हायस्कूलपर्यंत खेळली, आता नोकरी करते आणि रविवारी हौशी टीममध्ये अजून राइट बॅकलाच असते. आणि हेही खरं की रॅम्पोनच्या मागे अमेरिकेची कॉलेज-व्यवस्था होती. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे तिथल्या कॉलेजांना मुलींच्या खेळावर पैसे खर्च करावे लागतात. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. नाशिक-पुण्यात असाल तर हे गणित जसंच्या तसं लावू नका. कोचला एवढंच विचारा, हिला मागे का टाकलं? वेग आहे, खेळ वाचता येतो असं म्हणाला तर राहू द्या. “पुढे जमत नाही म्हणून” म्हणाला तर दुसरा कोच शोधा.

आणि घरात कुणी दर रविवारी गोल मोजत असेल, तर फोन तुम्ही उचला, मुलीकडे देऊ नका.