हिस्सा, वतन आणि जनरेटरची पावती

अनेक आशीर्वाद.

भ्रष्टाचार आणि पंथद्वेष यांविरुद्धच्या तुझ्या बगदादच्या कामाचा आराखडा वाचला. पहिल्या सत्राला 'शिया-सुन्नी सलोखा' असं नाव दिलं आहेस, ते काढून टाक. असं सत्र जाहीर झालं की लोक आपापल्या बाजूचे प्रतिनिधी होऊनच येतात. म्हणजे जी मांडणी मोडायची, तीच आपण खुर्च्या लावून मांडून देतो.

इराकमधल्या व्यवस्थेला तिथे 'मुहासासा ताइफिया' म्हणतात. हे शब्द तुला परके नाहीत. मुहासासा आणि आपला हिस्सा एकाच अरबी मुळातले. ताइफा म्हणजे पंथ. आपल्याकडे तोच शब्द तायफा होऊन नाचगाण्यात गेला. तर ही पंथवार हिस्सेवाटणी. जुलै 2003 मध्ये अमेरिकेच्या देखरेखीखाली 25 जणांची शासन परिषद बसली. तिच्यात 13 शिया, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, 1 तुर्कमेन आणि 1 असीरियन ख्रिस्ती. पुढे पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी, राष्ट्राध्यक्ष कुर्द असा रिवाज पडला. घटनेत यातलं काहीच लिहिलेलं नाही, पण मोडायची कुणाची टाप नाही.

याच वाटणीत मंत्रालयं पक्षांकडे जातात. मंत्रालयासोबत नेमणुका जातात, नेमणुकांसोबत कंत्राटं. कुणी हिशेब विचारला की उत्तर तयार असतं: हा आमच्या पंथावरचा हल्ला आहे. भ्रष्टाचार आणि पंथद्वेष हे तुझ्या आराखड्यातले दोन वेगळे विषय तिथे एकाच वहीची दोन पानं आहेत. फेब्रुवारी 2006 मध्ये शियांना पवित्र असलेल्या सामर्‍याच्या अस्करी दर्ग्यात स्फोट झाला आणि त्यानंतर नुसत्या नावावरून माणसं मारली गेली, तेव्हाही हिस्सेदारांची मंत्रालयं सुटली नाहीत.

वाटणीत तपासणी कशी गळून पडते ते पाहायचं असेल तर 2022 मध्ये उघडकीस आलेली करखात्याची चोरी वाच. कंपन्यांनी भरलेल्या अनामत रकमा सरकारी बँकेत होत्या. 5 कंपन्यांनी वर्षभरात 247 धनादेशांनी त्या काढून नेल्या. रक्कम सुमारे 2.5 अब्ज डॉलर. धनादेश निघायच्या आधीचा लेखापरीक्षणाचा टप्पा अगोदरच बाजूला काढलेला होता. तिथल्या मुलांना हे प्रकरण समजावताना आकड्यापेक्षा त्या काढलेल्या टप्प्यावर जास्त वेळ दे. सही कुठे कमी झाली हे शोधायची सवय लागली की निम्मं काम झालं.

आता सुरुवात कुठून करायची? जनरेटरपासून कर. सरकारी वीज तासन्तास नसते, म्हणून गल्लोगल्ली खासगी जनरेटर आहेत. घरं त्यांच्याकडून अँपिअरवर वीज घेतात आणि दरमहा पैसे भरतात. प्रांताचं प्रशासन दर अँपिअरमागे दर जाहीर करतं, मालक बरेचदा त्याहून जास्त घेतो किंवा तास कापतो. एका तारेवर सुन्नी उमरचंही घर असतं आणि शिया अलीचंही, आणि दोघं सारखेच नाडले जातात. तीस घरं निवड, तीन महिने पावत्या जमव. तक्त्यात पाच रकाने पुरेत: महिना, किती अँपिअर, रोज किती तास, घेतलेला दर, जाहीर झालेला दर. नाव, आडनाव, टोळी, मशीद यांना रकाना नको, कारण त्या शहरात नावावरून पंथ कळतो. घरांना क्रमांक दे, क्रमांकांची यादी वेगळ्या माणसाकडे आणि वेगळ्या घरात ठेव. पावती नसेल तर मोबाइलवर मीटरचा किंवा वहीतल्या नोंदीचा फोटो चालेल, पण चेहरा आणि दार त्यात येऊ देऊ नकोस.

तीन महिन्यांनी तीस घरांचा जादा आकारलेला पैसा जोडून एक रक्कम येते. त्या रकमेवर सगळे एकत्र बसतात आणि सलोख्याचा शब्दही काढावा लागत नाही. 'नझाहा' म्हणजे भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे तक्रार द्यायची तर एकाच्या सहीने कधीही देऊ नका. एकट्या सहीला घराचा पत्ता असतो.

हे मी उगाच भिववायला लिहीत नाही. जुलै 2020 मध्ये बगदादला सुरक्षा-अभ्यासक हिशाम अल-हाशिमी आणि मे 2021 मध्ये करबल्याला आंदोलनाचे कार्यकर्ते इहाब अल-वझनी मारले गेले. दोघंही घराच्या दारात, मोटरसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांकडून. म्हणून घरी परतायच्या वेळा बदलत राहा, बैठकीनंतर सगळे एकदम बाहेर पडू नका. तुझ्यासाठी परतीचं तिकीट आहे, तुझ्या सहकाऱ्यांसाठी नाही, हे प्रत्येक निर्णयाआधी आठव.

भ्रष्टाचार आणि याच हिस्सेवाटणीविरुद्धचं ऑक्टोबर 2019 चं आंदोलन नीट अभ्यास. बगदादच्या तहरीर चौकातली घोषणा होती 'नुरीद वतन', आम्हाला देश हवा. (मराठीत वतन म्हणजे वंशपरंपरेचा हक्क; त्यांना नेमकं तेच नको होतं.) टुकटुकवाले जखमींना दवाखान्यात पोचवत होते. साधी अश्रुधुराची नळकांडी 25 ते 50 ग्रॅमची असते, तिथे 220 ते 250 ग्रॅमच्या लष्करी नळकांड्या थेट डोक्यांवर झाडल्या गेल्या. सहाशेच्या आसपास माणसं गेली आणि 29 नोव्हेंबरला पंतप्रधान आदिल अब्दुल-महदींनी राजीनामा जाहीर केला.

पण पहिली चूक एकजुटीची, ती पुरी होती असं समजू नकोस. गर्दी मुख्यतः बगदादची आणि शियाबहुल दक्षिणेची. सुन्नीबहुल अनबार प्रांतात फेसबुकवर पाठिंबा लिहिला म्हणूनही लोकांना अटक झाली; 'दाएशवाले' (म्हणजे आयसिसचे) हा शिक्का बसण्याची धास्ती सुन्नी भागांत होती. सुन्नीबहुल मोसुलचे विद्यार्थी दक्षिणेतल्या नासिरियातल्या मृतांसाठी काळे कपडे घालून निघाले, तेवढं मात्र मोठं होतं. दुसरी चूक आश्रयाची. शिया धर्मगुरू आणि सशस्त्र गटाचे नेते मुक्तदा अल-सद्र यांच्या समर्थकांनी सुरुवातीला चौकाला संरक्षण दिलं, जानेवारी 2020 मध्ये सद्रनी हात काढून घेतला आणि काही दिवसांत त्यांचे निळ्या टोप्यांचे लोक आंदोलकांवरच चालून आले. बंदूकवाल्याचं संरक्षण घेतलं की चौकाची किल्ली त्याच्याकडे जाते.

तिसरी चूक अंकगणिताची, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ तिचीच वाटते. आंदोलनामुळे निवडणूक कायदा बदलला: 83 मतदारसंघ, प्रत्येकात तीन ते पाच जागा, मतदाराला एक मत. समज, चार जागा आहेत, म्हणजे सर्वाधिक मतांचे चार उमेदवार निवडून येतात. तुमची 40,000 मतं आठ उमेदवारांत वाटली, प्रत्येकी 5,000. समोरच्याची 24,000 तीन उमेदवारांत नीट वाटली, प्रत्येकी 8,000. तीन जागा त्याच्या, एक तुमची. सद्रवाल्यांनी 2021 मध्ये उमेदवार मोजून दिले आणि 73 जागा घेतल्या. आंदोलनातले काही गट बहिष्कारात राहिले, जे उतरले त्यांत 'इम्तिदाद' या पक्षाला 9 मिळाल्या.

मार्च 2023 मध्ये संसदेने याद्यांची जुनी पद्धत परत आणली, पहिला भाजक 1.7 ठेवून. तिच्यात प्रत्येक यादीच्या मतांना ठरावीक भाजकांनी ओळीने भागतात आणि सगळ्यात मोठ्या भागाकारांना जागा मिळतात. कागदावर करून बघ: 30,000 मतांच्या यादीला 1.7, 3 आणि 5 ने भागलं तर 17,647, 10,000 आणि 6,000. तुमची छोटी यादी 10,000 ची, 1.7 ने भागून 5,882. म्हणजे मोठ्याच्या तीन जागा होईपर्यंत तुमची एकही नाही. पहिला भाजक 1 असता तर तुम्ही दुसऱ्या जागेसाठी बरोबरीत असता. एका दशांश चिन्हासाठी रस्त्यावर कुणी येत नाही, म्हणून ते तिथे घालतात. हे गणित फळ्यावर सोडवून दाखवण्यासाठी एक अख्खा दिवस ठेव.

सुधारलेला आराखडा पाठव, पहिल्या महिन्याचा तक्ता झाला की तोही. रकाना वाढवलास तर का वाढवला ते सोबत लिही.