मारुती झेनमध्ये मारुती एस्टीमचं इंजिन टाकून ऑटोक्रॉससाठी (मातीच्या मैदानावर घड्याळाविरुद्धची शर्यत) हलकी आणि पॉवरफुल गाडी बनवता येईल का? खर्च किती आणि ती कोणत्या क्लासमध्ये बसेल?

बनवता येते. इंजिन बसतं. तरीही बनवू नका असंच मी सांगेन, आणि हे ऐकीव नाही, नेमकी हीच गाडी २०१३ साली गोव्यात डिचोलीत आमच्या अंगणात उभी राहिली होती आणि तिच्यात निम्मे पैसे माझे होते.

२०१२च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. काकांचे दोन टिपर माडाखाली उभे, आणि दादा (चुलतभाऊ, काकांचा थोरला) दिवसभर घरी. मी तेव्हा वेर्ण्याला नोकरीत, शिफ्टमध्ये. दोघांनी मिळून एक जुनी झेन घेतली, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली), ९९३ सीसी, ६० बीएचपी. अकराशे सीसीच्या आतल्या क्लासमध्ये उतरायचं आणि इंजिनाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. दादा आजही म्हणतो असं काही ठरलंच नव्हतं, पण ठरलं होतं, काकींसमोर ठरलं होतं.

मग मी प्रत्येक रविवारी गाडी सोलायला बसायचो. मागची सीट, कार्पेट, स्टेपनी, जॅक, एसीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर, म्युझिक सिस्टिम, सगळं खाली. पत्र्याला आतून चिकटवलेली डांबरी शीट असते ना, ती गरम हवेच्या गनने तापवून पट्टीने खरवडली, तीन रविवार त्यातच गेले आणि हाताची सालटी निघाली. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने फ्लोअरला गंज धरलेलाच असतो, तो शीट काढल्यावरच दिसतो, म्हणून हे काम वजनासाठी नाही तरी त्यासाठी करा. खाणीच्या ट्रकांचा वजनकाटा तेव्हा रिकामाच असायचा, तिथला माणूस ओळखीचा, तो चहाच्या बदल्यात गाडी चढवू द्यायचा. काटा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो त्यामुळे अगदी अचूक नाही, पण सुरुवातीला ७५० दाखवलं होतं आणि शेवटी ६६०.

आता हा हिशोब नीट बघा, कारण दादाला मी तो दहा वेळा मांडून दाखवला आणि त्याने एकदाही पूर्ण ऐकला नाही. ६० बीएचपी आणि ७५० किलो म्हणजे टनाला ८० बीएचपी. तेच इंजिन ६६० किलोत टाकलं की जवळजवळ ९१. गाडी ७५० किलोचीच ठेवून तेवढं गाठायचं तर इंजिनातून ६८ काढावे लागतील. म्हणजे ९० किलो काढले ते ८ बीएचपीला भारी, वर ब्रेक लवकर लागतात आणि गाडी पटकन वळते, हे ८ बीएचपी देत नाहीत. आणि पैसे किती? शून्य. पेट्रोलचंही तेच, झेनची टाकी ३५ लिटरची, लिटरला पाऊण किलो धरा, फुल टाकीऐवजी १० लिटरवर उतरलात तर जवळजवळ १९ किलो तिथेच गेले. त्याच्याही खाली जाऊ नका, वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो.

एवढं करून मी नाइट शिफ्टच्या आठवड्यानंतर घरी आलो तर बॉनेटखाली एस्टीमचं इंजिन. दादाने भंगारातून आणलेलं, १२९८ सीसी, ८५ बीएचपीवालं. मेस्ताला (मेकॅनिकला) हाताशी धरून चार दिवसांत बसवलं सुद्धा. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच जी मालिकेतली म्हणून जमतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) झेनचा ७२ मिमी, एस्टीमचा ७४, म्हणजे फरक थोडाच, खरा फरक स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा), ६१चा ७५.५ होतो, म्हणून ब्लॉक उंच. माउंटिंग, एक्झॉस्ट, वायरिंग सगळ्यात खटपट झाली. गिअरबॉक्स झेनचाच ठेवला. सरळ रस्त्यावर गाडी खरंच सुटायची, ते मी नाकारत नाही.

स्क्रुटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीला, तपासणाऱ्याने बॉनेट उघडलं, ब्लॉक बघितला आणि म्हणाला हे या गाडीचं इंजिन नाही. अकराशेत नाही. दादा म्हणाला मग चौदाशेत घ्या, १२९८ आहे. तर म्हणे झेन १२९८मध्ये कधी आलीच नाही, ओपनमध्ये (इंजिनाची अट नसलेल्या क्लासमध्ये) जा. त्याचं काही चुकलं नव्हतं, नियम तसा छापलेला होता, दादाने वाचला नव्हता. ओपनमध्ये समोर कोण, मित्सुबिशी सेडिया, होंडा सिटी व्हीटेक १०६ बीएचपीवाली, आणि वर्षानुवर्षं चालवणारे लोक.

सड्यावरचं मैदान, लाल माती आणि खाली जांभ्याची खडी. सुटतानाच पुढची चाकं फिरत राहिली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताकद मातीत जात होती, यू-टर्नला आतलं चाक हवेत फिरल्यासारखं गरगरायचं आणि नाक बाहेर. इंजिन जड झालं ते पुढे झालं, वजन काढलं होतं ते बहुतेक मागून, मग वळणार कशी. दादा ओपनमध्ये शेवटून दुसरा. आणि मला लागलं ते हे की त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर, अकराशेच्या क्लासमध्ये म्हापशाच्या एका कॉलेजच्या पोराने ओरिजिनल इंजिनच्या झेनमध्ये दादापेक्षा सव्वा सेकंद कमी वेळ दिला. ती आमचीच गाडी असायला हवी होती.

दादा म्हणाला पोरगा चांगला चालवतो. मग पुढच्या सीझनला मी जुनं इंजिन परत बसवायला लावलं आणि मुद्दाम दादालाच चालवायला दिली. तोच माणूस, तेच मैदान, १.६ सेकंद कमी आणि क्लासमध्ये दुसरा नंबर. यावर तो म्हणतो त्या वर्षी पाणी कमी मारलं होतं, माती सुकी होती. असेल. पण १.६ सेकंद पाण्याने जात नाहीत दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितोय.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. क्लास कुठला ते गाडी नाही ठरवत, त्या इव्हेंटचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स (त्या स्पर्धेपुरते छापलेले नियम) ठरवतात, ते आधी घ्या आणि दोनदा वाचा. आमच्याकडे मागची सीट आणि ट्रिम काढायला मुभा होती, तुमच्या क्लासमध्ये नसेल तर माझे ९० किलो विसरा. टर्बोचा विचार डोक्यात असेल तर एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) हिशोबात टर्बो पेट्रोलच्या सीसीला १.७ने गुणतात, ११९७ सीसीची पोलो २०३५ची धरली जाते, म्हणजे लहान इंजिनाचा फायदा कागदावरच संपला.

खर्चाचं म्हणाल तर इंजिन स्वस्त पडतं, बाकीचं पडत नाही. पहिले पैसे रोल केजला (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपचा सांगाडा) ठेवा. पाण्याच्या जीआय पाइपचा केज करून देणारा वेल्डर गावात मिळेल, दिवाळीच्या नरकासुराचा सांगाडा तो उत्तम करतो, पण हे काम त्याचं नाही. कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप लागतो, व्यास आणि जाडी नियमांत बघूनच घ्या, त्याचे २५-३० किलो परत चढतील. चढू द्या. दारातला साइड बीम (धडकेत वाचवणारा आडवा दांडा) मात्र कोणी कापायला सांगितला तरी कापू नका. मग टायर, मग सस्पेन्शन, आणि पैसे उरले तरच इंजिनाकडे बघा.

आणि इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर चालवू नका, मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकाल. आम्ही पिकअपवर घालून न्यायचो.

ते एस्टीमचं इंजिन अजून आमच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे. तुम्ही विचारलंत तरी दादा विकणार नाही, आणि मीही त्याला विकायला सांगणार नाही. पण झेन घेतलीत तर डिचोलीला घेऊन या, शीट खरवडायला मी येतो.